मराठी ख्रिस्ती लेखक आणि गावाचे सण

दिवाळी अंक ही मराठी वाङ्मयाची स्वतःची अशी एक चाल आहे. १९०९ साली 'मनोरंजन' मासिकाचे संपादक काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी पहिला दिवाळी अंक काढला, आणि तेव्हापासून फराळाच्या ताटाशेजारी कथा-कवितांचेही एक ताट मराठी घरांत मांडले जाऊ लागले. या पंगतीला ख्रिस्ती लेखकही बसत आले आहेत. वसईकडील कॅथॉलिक मंडळींनी तर हाच साचा उचलून नाताळ अंक काढण्याची रीत पाडली. म्हणजे ख्रिस्ती माणसाने दिवाळीत भाग घ्यावा की नाही, या प्रश्नाचे उत्तर लेखणीने केव्हाच देऊन टाकले आहे. घराच्या उंबऱ्याने मात्र ते अजून दिलेले नाही. अंकात लेख चालतो, मग दारात पणती का चालू नये, असे कुणी विचारले तर आमच्यापैकी पुष्कळजण घुटमळतात.

हे घुटमळणे खोटे नव्हे, आणि वाङ्मयाच्या अभ्यासकाने त्याकडे लक्ष द्यावे असे मला वाटते. बीडसारख्या जिल्ह्यात ख्रिस्ती घरे थोडी. कुणी नगरकडून आलेली, कुणी जालन्याकडून. त्यांच्या कानांशी आज दोन आवाज आहेत. एक आवाज उपदेशकांचा. तो म्हणतो, या सणांचे मूळ मूर्तिपूजेत आहे, तेव्हा आकाशकंदील लावणे हेही पापच. दुसरा आवाज सुशिक्षित शेजाऱ्याचा, आणि पुष्कळ वेळा समीक्षकाचाही. तो म्हणतो, परक्या मिशनऱ्यांनी या भोळ्या माणसांना त्यांच्या मातीपासून तोडले. आता त्यांनी परत अंगणात यावे. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. धर्मशास्त्राचा निवाडा मी देणार नाही. परंतु मी कादंबऱ्या लिहितो, वर्ग शिकवतो, आणि मराठी ख्रिस्ती वाङ्मय लहानपणापासून घरात वाचत आलो आहे. त्या वाङ्मयाची साक्ष काढली तर हे दोन्ही आवाज अपुरे ठरतात, असे माझे मत आहे.

प्रथम मुळाचा विचार करू. सणाचे मूळ ख्रिस्तेतर म्हणून तो वर्ज्य, हा नियम खरोखर पाळायचा ठरवला तर नाताळचे काय करायचे? २५ डिसेंबर हा ख्रिस्तजन्माचा दिवस म्हणून पाळल्याचा सर्वांत जुना पुरावा रोममधील आहे. ३५४ सालच्या एका पंचांगात तो मिळतो आणि ३३६ सालापर्यंत मागे जातो. त्याआधी २७४ साली ऑरेलियन बादशहाने रोममध्ये अजिंक्य सूर्याचे देऊळ उभारले होते. चर्चने सूर्याचाच सण उचलला असे काही विद्वान म्हणतात. तर काहींच्या मते २५ मार्चला मरीयेला गर्भधारणा झाली असे धरून पुढे नऊ महिने मोजले गेले. हा वाद मिटलेला नाही. पण हिवाळ्यातला तो दिवस, दिव्यांची आरास, हिरव्या फांद्या यांवर जुन्या युरोपची छाप आहे हे कुणी नाकारत नाही. आणि आम्ही उपासनेला जमतो तो वार कोणता? रविवार, म्हणजे सूर्याचाच वार. त्याला पुष्कळ ख्रिस्ती लोक प्रभूचा दिवस म्हणतात, आणि कॅलेंडरात तो रविवारच राहतो.

ही अडचण ओळखणारे लोक होऊन गेले. इंग्लंडातील प्युरिटन पंथीयांनी सतराव्या शतकात नाताळच बंद केला. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स वसाहतीने १६५९ साली नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड ठरवला. तो कायदा १६८१ पर्यंत होता. त्यांचे तर्कशास्त्र चोख होते. मराठी वाचकाने येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. १८१३ साली मुंबईस आणि १८३१ साली अहमदनगरास (आताचे अहिल्यानगर) ज्या अमेरिकन मराठी मिशनने काम सुरू केले, त्याची मूळ संस्था बोस्टनची होती, म्हणजे याच मॅसॅच्युसेट्समधली. त्या राज्याने नाताळची कायदेशीर सुटी दिली ती १८५६ साली. नगरला आलेले पहिले पाद्री अशा मुलखातून आले होते की जेथे त्यांच्या स्वतःच्या धर्माचा सणही संशयानेच पाहिला जाई. आमच्या मंडळ्यांत सणांविषयी जो कडकपणा आला त्याची एक वाट येथून येते. तो मराठी माणसाविषयीच्या तुच्छतेतूनच आला असे सरसकट म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. आणि नातवंडांनी नाताळला चांदणी टांगावी, केक कापावा, पण दिवाळीच्या कंदिलावर मुळाचा दोष काढावा, हेही तर्काला धरून नाही.

मूळ शोधल्याने प्रश्न सुटत नाही, हे जुन्या चर्चलाही ठाऊक होते. इसवी सन २०० च्या सुमारास कार्थेजचा तर्तुल्लियन तक्रार करतो की, सणाच्या दिवशी दारात दिवे आणि पानांच्या माळा लावण्यात ख्रिस्ती लोक मूर्तिपूजकांच्याही पुढे गेले आहेत. दिवा आणि तोरण! अठराशे वर्षांपूर्वीचे हे वाक्य नगर-बीडच्या सीमेवरील एखाद्या पाद्रीसाहेबांचेही असू शकेल. त्याच्याही आधी पौलाने करिंथच्या मंडळीला या प्रश्नाचे जे उत्तर दिले, त्यात कुणा तत्त्वज्ञाला शोभेल अशी बारीक नजर आहे. देवळातल्या नैवेद्याच्या पंगतीला बसू नका, असे तो सांगतो. बाजारात मांस मिळते ते मात्र चौकशी न करता खा. पण शेजारी बसलेला दुर्बल भाऊ 'हे मूर्तीचे आहे' म्हणून अस्वस्थ होत असेल, तर त्याच्यासाठी हात आवरा. पौल मुळाशी थांबत नाही. पंगत कसली आहे आणि शेजारी कोण बसला आहे, हे तो विचारतो. हा दुर्बल भाऊ महाराष्ट्रात कोण, हा प्रश्न मला पुढे घ्यायचा आहे.

मराठीपुरते पाहिले तर हा वाद चारशे वर्षांचा आहे, आणि त्याचा पहिला मोठा ग्रंथ म्हणजे फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण'. ते १६१६ साली गोव्यात राचोल येथे छापले गेले. ग्रंथाच्या आरंभीच एक ब्राह्मण पाद्रीला विचारतो की, आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी आम्हाला काही देत का नाही? सणबंदीच्या सगळ्या प्रश्नाचे मर्म या पृच्छेत आले आहे. नुसते काढून घेऊन माणसाचे भागत नाही. स्टीफन्स यांनी ओवी घेतली, पुराणाचा घाट घेतला, स्वर्गाला वैकुंठ म्हटले, आणि हा ग्रंथ रविवारी व सणावारी लोकांपुढे वाचला जाऊ लागला. पण याच गोव्यात १५६० ते १८१२ पर्यंत, मधला थोडा काळ सोडला तर, इन्क्विझिशनची सत्ता होती. तिच्या १७३६ सालच्या फर्मानाने लग्नात हळद लावणे, विडा देणे, अंगणात तुळस लावणे, हिंदूंप्रमाणे बिनमिठाचा भात शिजवणे यांवरसुद्धा बंदी घातली. 'ख्रिस्तपुराणा'नंतर एकशेवीस वर्षांनी हे फर्मान काढावे लागले, यावरून लोकांनी काय चालू ठेवले होते ते उघड होते. आजही गोव्यात ऑगस्टमध्ये कणसांचे फेस्त होते. नव्या भाताच्या लोंब्या चर्चमध्ये आणून पाद्री त्यांवर आशीर्वाद मागतात. मुंबई-वसईच्या ईस्ट इंडियन लोकांत आगेरा होतो. भाताच्या लोंबीला धर्म नसतो. शेतकऱ्याला कृतज्ञता असते. तीच गोष्ट आमच्याकडील प्रोटेस्टंट मंडळ्यांत सुगीनंतरच्या उपकारस्तुतीच्या उपासनेत दिसते. लोक ज्वारी, भाजी, कोंबडी घेऊन येतात आणि उपासनेनंतर तिथेच त्यांचा लिलाव होतो.

एकोणिसाव्या शतकातील धर्मांतरित लेखकांकडे वळलो की चित्र बदलते. बाबा पदमनजी यांनी 'यमुनापर्यटन' १८५७ साली लिहिले. विधवेच्या हालांचे ते वर्णन जुन्या रूढींवरच्या रागाने भरलेले आहे. सणसमारंभातले सौंदर्य पाहण्याची त्यांना उसंत नव्हती, आणि ती का नव्हती हे यमुनेच्या प्रवासात भेटणाऱ्या बायकांची दशा वाचून कळते. पंडिता रमाबाईंची वृत्ती निराळी. इंग्लंडात असताना क्रूसावर लॅटिन अक्षरे कशासाठी, संस्कृत का नकोत, असा वाद त्यांनी आपल्या गुरुभगिनींशी घातला. संस्कृत पवित्र म्हणून त्यांना नको होती. सुंदर आणि आपली म्हणून हवी होती. रोमच्या मूर्तिपूजकांची भाषा पवित्र आणि आपल्या ऋषींची मात्र अपवित्र, हा न्याय त्यांना मान्य नव्हता. रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले आणि त्यांनी मराठी चर्चला अभंग, कीर्तन, भजन दिले. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो असे ते म्हणत. आज कोणत्याही मराठी मंडळीत 'उपासना संगीत' उघडा. टिळकांवाचून उपासना होत नाही. पुढे १९६९ साली कॅथॉलिक धर्माध्यक्षांनी आरती, समई, जमिनीवर बसणे यांना उपासनेत अधिकृत वाट दिली. टिळकांनी ती पन्नास वर्षे आधीच चालून दाखवली होती.

टिळक आणि रमाबाई यांचे ऋण मोठे आहे. तरीही समीक्षक म्हणून एक गोष्ट सांगितली पाहिजे. ही दोघेही ब्राह्मण होती. गावाच्या सणात त्यांची जागा ओटीवर होती. धर्मांतराने जे सुटले ते त्यांचे स्वतःचे होते, आणि ते परत मागण्यात त्यांना कसला कमीपणा नव्हता. अभंग आत आणताना त्यांनी आपल्या घरातली वस्तू आपल्या नव्या घरात आणली. आमच्या वाङ्मयाने हीच ख्रिस्ती माणसाची सर्वसाधारण कथा धरून ठेवली आहे. नगर, जालना, बीडकडच्या मंडळ्या मात्र बहुतांशी महारवाड्यातून आणि मांगवाड्यातून आल्या. त्यांची सणातली जागा कुठे होती?

गावोगावी तपशील निराळा, पण रीत एक. होळीची लाकडे कुणी आणायची, वेशीला तोरण कुणी बांधायचे, पोळ्याला बैलांपुढे हलगी कुणी वाजवायची, हे जातीवार ठरलेले होते. सण हा गावाचा आनंद आणि त्यांची पाळी. मोबदला म्हणून बलुते, आणि सणाचे गोडधोड मिळायचे ते वरून पदरात टाकलेले. आमच्या घरातील एक वृद्ध बाई दिवाळीचे फराळ हाताने दिले तरच घेई. टाकले तर घेत नसे. तिला मूर्तिपूजेची चीड होती म्हणावे तर जात्यावरच्या तिच्या ओव्यांत सीता आणि रुक्मिणी शेवटपर्यंत होत्या. 'आम्ही आता ख्रिस्ती, आम्हांस सण नाही' हे वाक्य तिच्या पिढीने उच्चारले तेव्हा त्याचा अर्थ धर्मशास्त्रापेक्षा साधा होता: आम्ही आता हलगी वाजवायला येणार नाही. पाद्रीसाहेबांच्या बंदीने त्यांच्या हातात नकार देण्याचे एक कारण दिले, आणि ते त्यांनी दोन्ही हातांनी घेतले. त्यापायी पुष्कळांनी बलुत्याचा वाटा गमावण्याचा धोका पत्करला.

पौलाचा दुर्बल भाऊ मला येथे भेटतो. त्याची श्रद्धा दुर्बल म्हणून तो सणाला भीत नव्हता. गावाने त्याला दुर्बल केले होते म्हणून तो सणापासून दूर राहत होता. 'ज्ञानोदय' या मिशनच्या पत्राने १८५५ साली मुक्ता साळवे या मांग मुलीचा निबंध छापला. जोतीराव फुल्यांच्या शाळेतली ही चौदा-पंधरा वर्षांची मुलगी देवालाच विचारते की, वेदांवर आमचा अधिकार नाही तर आमचा धर्म कोणता ते सांग. ज्याला धर्माचे नावच मिळालेले नाही, त्याला 'तुझे सण का सोडलेस' असे विचारणे म्हणजे न दिलेल्या गोष्टीचा हिशेब मागणे होय. ख्रिस्ती उपासनेत पेटी आली, तबला आला, टाळ आले. हलगी क्वचितच आली. समीक्षक याला मिशनरी संकुचितपणा म्हणतील. मला वाटते, ज्यांच्या गळ्यात ती हलगी होती त्यांनाच ती देवापुढे न्यावीशी वाटली नाही. तिच्यातली कला त्यांना कळत नव्हती असे नाही. ती वेठ होती.

हाच प्रश्न डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी निराळ्या रीतीने सोडवला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला त्यांनी बावीस प्रतिज्ञा दिल्या आणि जुन्या देवदेवतांची उपासना स्पष्ट शब्दांत सोडायला लावली. पण दिवस मात्र निवडला दसऱ्याचा, अशोक विजयादशमीचा. पूजा सोडली, दिवस सोडला नाही. त्या दिवसाला नवा अर्थ दिला आणि त्या अर्थाचे धनी आपल्या लोकांना केले. इसवी सन ६०१ मध्ये पोप ग्रेगरी यांनी इंग्लंडातल्या मिशनऱ्यांना काहीसे असेच कळवले होते की, देवळे पाडू नका, त्यांतल्या मूर्ती काढा आणि लोकांना त्यांच्या ओळखीच्या जागी जमू द्या. फरक एवढाच की, तेथे सोडण्या-ठेवण्याचा निर्णय वरून आला होता. नागपूरला तो सोसणाऱ्यांच्या नेत्याने घेतला. सणाच्या बाबतीत हा फरक फार मोठा आहे.

आता आमच्या वाङ्मयातली उणीव उघड होते. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'त (१९३४–३६) वडिलांच्या सोवळ्याच्या वेडापासून जातीभेद संपूर्ण टाकण्यापर्यंतचा प्रवास आहे, आणि मराठी गद्यात त्या पुस्तकाला तोड नाही. पण तो सोवळ्याच्या आतून बाहेर आलेल्या बाईचा प्रवास आहे. बाहेरच उभ्या असलेल्या ख्रिस्ती बाईचे सण कसे गेले, हे त्याच ताकदीने सांगणारे पुस्तक आमच्या वाट्याला आले नाही. दया पवारांच्या 'बलुतं'ने १९७८ साली गावाची दुसरी बाजू दाखवली तेव्हा कळले की, अनुभव होता, लिहिणारा हात हवा होता. ख्रिस्ती लेखकांनी उपदेशपर कथा पुष्कळ लिहिल्या. त्यांत सण येतो तो अंधश्रद्धेचा नमुना म्हणून. अलीकडे सलोख्याच्या कथा लिहिल्या जातात. त्यांत सण येतो तो रंगीत चित्र म्हणून. दोन्ही ठिकाणी अंगणात कोण कुठे उभे आहे, हे लेखक पाहत नाही.

आणि अंगणही आता पूर्वीचे राहिलेले नाही. आमच्या जिल्ह्यात दिवाळीच्या सुमारास गावेच्या गावे ओस पडतात. ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडे निघतात. 'माझा आवडता सण' हा निबंध वर्गात दरवर्षी लिहायला देतो. त्यात एका मुलाने लिहिले होते की दिवाळी त्याला आवडत नाही, कारण त्यानंतर शाळा सुटते ती आखाजीलाच लागते. फडावरच्या कोपीपुढे जी पणती लागते तिच्याभोवती मराठा, वंजारी, बौद्ध, मांग, मुसलमान, क्वचित ख्रिस्तीही असतो. ती कोणत्या देवीसाठी लागली हे तिथे फारसे कुणी विचारत नाही. त्या पणतीवर एखाद्या तरुण लेखकाने कादंबरी लिहावी.

माझे मत कुणी विचारील तर ते असे. लक्ष्मीपूजनाच्या पाटापुढे ख्रिस्ती माणसाने हात जोडू नयेत. ती पूजा आहे, आणि ज्याची जिच्यावर श्रद्धा नाही त्याने ती करणे हा शेजाऱ्याच्या देवीचाही अनादर आहे. भाऊबीज हे नाते आहे. बहिणीने ओवाळले तर त्यात आडवे येण्यासारखे काही नाही. कंदील हा कामट्या, रंगीत कागद आणि खळ यांचा असतो. त्याच कामट्यांची दीड महिन्याने आम्ही चांदणी करतो. फराळ एका पंगतीत, एका हाताने मिळत असेल तर खुशाल खावे, आणि नाताळला करंज्या घेऊन जावे. पण जिथे सणाच्या नावाने जुनी पाळी परत येत असेल, ज्याला अजून कडेलाच उभे केले जाते, तिथे ख्रिस्ती माणसाने, आणि माझ्या मते कुणाही भल्या माणसाने, जाऊ नये. आणि कुणाला आठवणीने दुखत असेल म्हणून तो आपल्या दारी पणती लावत नसेल, तर त्याला देशाबाहेरचा ठरवू नये.

जानेवारी २०२० मध्ये आमच्या शेजारच्या उस्मानाबादेस (आताचे धाराशिव) फादर फ्रान्सिस दिब्रिटो अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. एका धर्मगुरूची ही निवड काहींना रुचली नाही, विरोधही झाला, संमेलन झाले. २०२४ साली ते गेले. मराठी साहित्याचा तो सण होता आणि त्याच्या मुख्य आसनावर एक ख्रिस्ती माणूस बसला, याचा आनंद आम्हा सर्वांना झाला. पण फादर वसईचे. त्यांच्यामागे बागाईतीची, चर्चच्या शाळांची, चार शतकांच्या स्थिर वस्तीची परंपरा होती. मराठवाड्याच्या कोरडवाहू गावातला, मांगवाड्याच्या कडेच्या पत्र्याच्या चर्चमधला ख्रिस्ती लेखक आपली दिवाळी, आपला पोळा, आपला नाताळ कोणताही आडपडदा न ठेवता लिहील, तेव्हा या प्रश्नावरची आमची समीक्षा पुन्हा तपासावी लागेल. ती चुकीची ठरली तरी हरकत नाही. ते पुस्तक मात्र यायला हवे.